बंदरापासून तिठ्यापर्यंत : कोकणातल्या शहरांची पार्श्वभूमी

कोकणातल्या शहरांबद्दल बोलायचं तर आकडे आजही 2011 च्या जनगणनेचेच घ्यावे लागतात. जुने असले तरी ते बोलके आहेत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली आणि सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. ना साथ, ना दुष्काळ, तरी माणसं कमी झाली. त्याच दशकात, त्याच किनाऱ्यावरचा तेव्हाचा ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

या किनाऱ्यावर शहरं नव्हती असं मात्र नाही. चौल, दाभोळ, राजापूर, वेंगुर्ला ही एके काळी समुद्रापलीकडे माहीत असलेली नावं. त्यांचं भांडवल म्हणजे खाडी. गलबतं खाडीतून आत यायची, घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचा, आणि दोघांची गाठ पडायची तिथे पेठ वसायची. राजापूर समुद्रापासून इतकं आत असूनही इंग्रजांनी 1649 मध्ये तिथे वखार घातली ती त्यामुळेच. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं, तेही तिथे लुटण्याजोगं काही होतं म्हणून. वेंगुर्ल्यात डच होते. त्यांच्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत.

मग खाड्या गाळाने भरू लागल्या. पण खरा घाव घातला तो रेल्वेने. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि देशावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला. 1880 च्या दशकाअखेरीस गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे पोहोचली तेव्हा वेंगुर्ल्याकडे उतरणारा दक्षिणेकडचा मालही तिकडे वळला. 2011 मध्ये वेंगुर्ला शहराची लोकसंख्या होती 12,392. एका जुन्या आंतरराष्ट्रीय बंदराची!

आधी माल गेला, मागोमाग माणसं. 1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि जी बंदरं माल चढवत होती ती आता चाकरमानी चढवू लागली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत जाणारी आगबोट हाच कित्येक पिढ्यांचा मुंबईचा रस्ता होता. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती तारीख अजून येते.

गेलेल्यांनी पैसे पाठवले. कोकणची ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणतात ती हीच. गावात पिकणाऱ्या भातापेक्षा पोस्टमनच्या पिशवीवर पेठेची उधारी जास्त अवलंबून. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा भाषणांतून अभिमानाने सांगितला जातो, पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र मुलीच कमी आहेत. म्हणजे हा स्त्रियांच्या सन्मानाचा पुरावा नाही, पुरुष मुंबईत असल्याचा आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि तो पैशांचा ओघ आटला. तरीही बरीच माणसं परतली नाहीत. त्यांची पुढची पिढी वसई-विरार, डोंबिवली, नवी मुंबईकडे सरकली.

राहिलेल्या शहरांनी आपापली सोय लावली. 76 हजारांच्या रत्नागिरीला जिल्ह्याची कचेरी, मिरकरवाड्याची मासळी आणि हापूस यांनी धरून ठेवलं. चिपळूणला कुंभार्ली घाटाखालची बाजारपेठ होतीच, त्यात लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांची भर पडली. मालवण पर्यटनावर सावरलं. पण वाढ पाहायची तर कणकवली, कुडाळकडे. एकालाही समुद्र नाही. दोन्ही मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. बंदराचं काम आता तिठ्याने, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्याने, घेतलं आहे. 1998 मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वेही मालवण, वेंगुर्ला, देवगड यांना न शिवता आतूनच जाते. तिने गावी येणं सोपं केलं, तितकंच गाव सोडणंही.

उत्तरेची गोष्ट वेगळी. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको, 1989 मध्ये न्हावाशेव्याचं बंदर, आणि 2001 ला लाखभर असलेलं पनवेल 2011 ला 1,80,020 वर; 2016 पासून तर महापालिका. नकाशावर तेही कोकणच. व्यवहारात ती मुंबईचीच वाढ आहे, आणि दक्षिणेकडून निघालेली बरीच कुटुंबं तिथेच मोजली जातात.

2021 ची जनगणना झालीच नाही. पुढचीसाठी संदर्भ तारीख ठरली आहे 1 मार्च 2027. त्या वर्षी शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनी आहे, म्हणजे चाकरमानी तेव्हा मुंबईतच असतील.