तुंबलेलं पाणी आणि ओढीचं पाणी

पुराच्या दिवशी अग्निशमन दलाचा फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस घाईघाईनं सांगतो, "कमरेएवढं पाणी आलंय, लवकर या." फोन घेणारा मुरलेला असेल तर तो लगेच विचारतो, "पाणी थांबलंय की वाहतंय? कचरा कुठल्या दिशेनं चाललाय?" या उत्तरावर ठरतं कुठली तुकडी निघणार, गाडीत काय चढणार आणि पाण्यात कोण उतरणार. काठावरून बघणाऱ्याला दोन्ही पाणी सारखंच गढूळ दिसतं, पण बचावाच्या दृष्टीनं ही दोन निराळी कामं आहेत.

ओढीचं पाणी आधी घेऊ, कारण अंदाज चुकतो तो इथेच. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. प्रशिक्षणात एक हिशोब सांगतात: ताशी ५ किलोमीटरनं, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगानं पाणी वाहत असेल, तर पायांवर साधारण ७-८ किलोंचा रेटा येतो. वेग १० वर गेला की तोच ३० किलोंच्या घरात जातो. म्हणून १५ सेंटिमीटर खोल, पण वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोटारी तरंगून वाहू लागतात. "गुडघाभरच तर आहे" हे वाक्य वाहत्या पाण्यापुढे अगदी कुचकामी.

आगीच्या कामाचा पोशाख या पाण्यात जवानाच्याच जिवावर उठतो. आगीच्या हेल्मेटच्या कडेत धार अडकून मानेला हिसका बसतो आणि गमबुटात पाणी भरलं की काठावर चढणंही अवघड होतं. त्यामुळे इथे हेल्मेट हलकं आणि भोकांचं, पायात घट्ट बूट आणि अंगात खास लाइफ जॅकेट असतं. पूरबचावाच्या बातम्यांत कमरेला दोर बांधून पाण्यात उतरलेला माणूस बघितला की मला धडकीच भरते. त्याचा पाय दगडात अडकला, तर तोच दोर त्याला धारेत ताणून धरतो आणि पाणी डोक्यावरून जातं. प्रशिक्षित जवानाचा दोर जॅकेटच्या पाठीमागच्या कडीत असतो आणि समोरची पकड खेचली की क्षणात सुटतो.

पण पाण्यात उडी हा अगदी शेवटचा उपाय. आधी हाक, मग लांब काठी, मग फेकायचा दोर, मग बोट. दोर फेकण्याची थ्रो बॅग म्हणजे १५-२० मीटर तरंगता दोर भरलेली छोटी पिशवी. दोराचं एक टोक हातात धरायचं, वाहत येणाऱ्याला ओरडून आपल्याकडे बघायला लावायचं आणि दोर त्याच्या अंगावर आडवा पडेल अशी पिशवी त्याच्या पलीकडे भिरकावायची. त्यानं पिशवी नाही, दोर धरायचा, तोही उताणं होऊन. मग ओढाओढीची गरज नसते. जवान पाय रोवून बसतो आणि धारच त्या माणसाला लंबकासारखी काठाला आणून लावते.

हे सगळं सुरू होण्याआधी वरच्या अंगाला एक जण ओंडक्यांवर नजर ठेवून असतो आणि खालच्या अंगाला दोघं-तिघं थ्रो बॅग घेऊन तयार. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी. एकदा वाजली तर थांबा, इकडे बघा. दोनदा म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला बघा, तीनदा म्हणजे खालच्या.

तुंबलेल्या पाण्यात धोका असतो तो तळाशी. गटाराच्या दाबानं मॅनहोलचं झाकण उचललं जातं, आणि वर पाणी मात्र आरशासारखं. म्हणून पुढचा जवान हातातली लांब काठी पावलापुढे टेकवत चालतो. काठी टणक लागली की पाऊल, पोकळ लागली की तिथेच थांबून मागच्यांना इशारा. सोबत विजेची भीती आणि सांडपाणी. परतल्यावर माणसं आणि साहित्य धुऊन काढणं हा कामाचाच भाग असतो.

इथे मिनिटांपेक्षा तासांचा हिशोब चालतो. अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर असलेले आधी. चपट्या तळाची बोट हातानं ओढत किंवा वल्हवत नेतात, कारण इंजिनानं उठणाऱ्या लाटा घराघरांत शिरतात आणि पंख्यात कचरा अडकतो. पंप लावायची लोकांना फार घाई असते. पण बाहेरची जमीन भिजलेली असताना तळघर एकदम उपसलं, तर बाहेरच्या दाबानं भिंती आत येऊ शकतात. दिवसाला तिसरा हिस्सा काढावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. पेट्रोलचा पंप तळघरात तर लावूच नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

तयारीही यामुळेच वेगवेगळी. ब्रिटनच्या पूरबचाव प्रशिक्षणात नुसती जाणीव, काठावरून मदत, वाहत्या पाण्यातला बचाव आणि बोट चालवणं असे निरनिराळे टप्पे आहेत. तुंबलेल्या पाण्यात बोट ओढणारा प्रत्येक जण धारेत उतरायला पात्र असतोच असं नाही.

खरी पंचाईत होते ती एक पाणी दुसऱ्यात बदलतं तिथे. दोन इमारतींमधली चिंचोळी फट, फुटलेली कुंपणभिंत, रस्त्याचा उतार. सगळ्यात फसवं म्हणजे रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीचं तोंड. वर पाणी निवांत दिसतं आणि खाली ते नळकांड्यात खेचलं जात असतं. छोट्या बंधाऱ्याचंही तसंच. पडलेलं पाणी उलटं फिरून तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं, आणि वरून बघताना ती जेमतेम एक पायरी वाटते.

म्हणून वस्तीत बोट शिरली की एक जण काठावरच राहतो. भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारतो आणि जवळच तरंगणाऱ्या एखाद्या पानावर लक्ष ठेवतो. रेघ बुडाली किंवा पान सरकायला लागलं, की बोट आधी माघारी बोलावतात, असं का झालं ते नंतर शोधतात.