कॉम्पॅक्ट म्हणजे नक्की कुठला कॉम्पॅक्ट?

माझ्या टेबलावर आत्ता दोन कॅमेरे शेजारी शेजारी पडले आहेत. दोन्ही काळे, दोन्ही पँटच्या खिशात जेमतेम मावणारे, आणि बंद केले की दोघांचीही लेन्स आत जाते. परवा भाची आली होती. एक उचलून म्हणाली, "मामा, मागच्या दिवाळीला ज्याला शिव्या घालत होतास तो हाच ना?" तिने उचलला होता नेमका दुसरा.

तिची चूक नाही. दुकानात दोघे एकाच काचेखाली असतात आणि दोघांनाही कॉम्पॅक्टच म्हणतात. आणि ज्याने पंचवीस-तीस वर्षं रोल घालून फोटो काढलेत, त्याची तर इथे हमखास फसगत होते, कारण त्याच्या जगात हा फरक नव्हताच. कोडॅकचा स्वस्तातला केबी १० घ्या नाहीतर निकॉनचा भारीतला एफएम २, दोघांत तोच ३५ मिमीचा रोल जायचा आणि दोघांत फ्रेम पडायची ती २४ बाय ३६ मिलिमीटरचीच. स्वस्त कॅमेऱ्याची लेन्स सुमार असेल, पण रोल तोच. छत्तीसच्या रोलमध्ये अडतीसावा फोटो निघाला तर होणारा आनंदही तोच.

डिजिटलमध्ये रोल कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा चिकटवलेला असतो. त्यालाच सेन्सर म्हणायचं. कॅमेरा विकत घेताना तुम्ही आयुष्यभराचा एकच रोल विकत घेता, आणि तो केवढा आहे हे खोक्यावर ठळक कुणी छापत नाही. ठळक छापतात ते मेगापिक्सेल, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं बनलंय त्याचा आकडा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके).

मी एकदा ट्रेसिंग पेपरवर दोघांचे सेन्सर खऱ्या मापाने आखून कापले आणि जुन्या निगेटिव्हच्या पट्टीवर ठेवून बघितले. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा (यापुढे त्याला नुसता 'छोटा' म्हणतो) तुकडा साधारण ६.२ बाय ४.६ मिमी. जवळपास तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. सुपर ८ फिल्मवर घरगुती सिनेमे काढणारे कुणी वाचत असतील तर त्यांना सांगतो, त्या फ्रेमपेक्षा हा जेमतेम मोठा. दुसऱ्या कॅमेऱ्याचा तुकडा साडेतेवीस बाय साडेपंधरा मिमीचा, म्हणजे जवळपास हाफ फ्रेम, नेहमीच्या फ्रेमच्या निम्मी. ज्यांनी ऑलिंपस पेनमधून एका रोलवर बहात्तर फोटो काढलेत, त्यांच्या ओळखीचं माप. या दुसऱ्या मापाला एपीएस-सी म्हणतात. ते नावही १९९६ साली आलेल्या एपीएस फिल्मवरूनच पडलंय. क्षेत्रफळात दोघांचा फरक तेरापट.

छोट्या सेन्सरचं माप मात्र मिलिमीटरमध्ये न सांगता १/२.३ इंच असं सांगतात, आणि तिथे आणखी एक गंमत आहे. 'एक इंची सेन्सर' म्हटला की आपण पट्टीवरचा इंच डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात त्याचा कर्ण १६ मिमीच्या आसपास भरतो. हा इंच जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचा. नळीचा चित्र उमटणारा भाग त्याच्या दोन तृतीयांशच असायचा. नळ्या गेल्या, माप राहिलं. ठाण्यात 'जांभळी नाक्यावर ये' म्हटलं की नाका कसला हे कुणी विचारत नाही, तसंच.

आता माझी दिवाळी. छोटा कॅमेरा मी घेतला तो 'वीस मेगापिक्सेल' या दोन शब्दांवर. विकणाऱ्यानेही तेच पुन्हा पुन्हा ऐकवलं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला अर्धं ठाणं नटून उतरतं. अंधार पुरता सरलेला नसतो, दिव्यांचा उजेड पिवळा, चेहरे हसरे. कॅमेऱ्याने आपला आपण आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० वर नेला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघतो तर पैठणीची जर म्हणजे पिवळा चिखल, आणि भाचीच्या गालावर ओल्या ब्रशने हात फिरवल्यासारखं. मला वाटलं हा ग्रेन असेल, रोलवर दिसायचे तसे बारीक कण. ग्रेन परवडला असता! आयएसओ ४०० च्या रोलचा ग्रेन दाणेदार असतो, त्यात चेहऱ्याचा पोत टिकतो. इथे नॉइज, म्हणजे कमी उजेडात सेन्सरवर उठणारे भलतेच ठिपके, आलेला होता आणि तो पुसायच्या नादात कॅमेऱ्याने त्वचाही पुसून टाकली होती.

मेगापिक्सेल दोन्ही कॅमेऱ्यांत भरपूर आहेत. ४ बाय ६ इंची प्रिंटला जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. पण डाळीच्या दाण्यावर दोन कोटी ठिपके बसवले की एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेड येतो तो चिमूटभर. तेरापट क्षेत्रफळ म्हणजे ढोबळमानाने साडेतीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन्ही सेन्सर एकाच पिढीचे धरले, तर मोठ्यावर १६०० ला जे मिळतं ते मिळवायला छोट्याला दीडशेच्या आसपास थांबावं लागेल. दीडशेवर पहाटेचे फोटो काढून बघा.

आणखी एक सापळा लेन्सच्या कडेवर कोरलेला असतो. माझ्या छोट्यावर ४.५-९० मिमी असं लिहिलंय, आणि पुढे १:२.८. हा २.८ म्हणजे अ‍ॅपर्चर, उजेड आत घेणाऱ्या भोकाचा आकडा; तो जितका लहान तितकं भोक मोठं. फिल्मवाल्याचा डोळा तिथेच थांबतो. वा, मागची पार्श्वभूमी छान धूसर होणार! होत नाही. इथली साडेचार मिमीची लेन्स म्हणजे आपल्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २५ मिमीची. उजेड २.८ चाच येतो, एक्स्पोजर तेवढंच, पण फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो ते, ३५ मिमी फिल्मवरच्या एफ १६ अ‍ॅपर्चरसारखी. नाकापासून मागच्या रिक्षापर्यंत सगळं एकसारखं स्पष्ट. मोठ्या सेन्सरवरचा २.८ आपल्या जुन्या एफ ४ च्या जवळ जातो, म्हणजे ओळखीच्या प्रदेशात राहतो.

मग छोटा टाकून द्यायचा? मुळीच नाही. लेन्सवरचा तो दुसरा आकडा बघा, ९० मिमी. तो आपल्या भाषेत ५०० मिमीच्या वर जातो. ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात, भरतीचं वेळापत्रक बघून बोटीत बसायचं आणि लांबूनच बघायचं. तिथे मोठ्या सेन्सरचा, झूम नसलेला कॅमेरा नेलात तर चिखलावर गुलाबी ठिपके घेऊन घरी याल. छोट्या सेन्सरमुळेच एवढी लांबची लेन्स खिशात बसते. लख्ख उन्हात, आयएसओ १०० ला, तो गुणी मुलासारखा वागतो.

मोठ्या सेन्सरचे खिशातले कॅमेरे मोजकेच. माझा रिको जीआर ३ आहे, २८ मिमीच्या हिशेबाची एकच लेन्स, झूम नाही, फ्लॅश नाही, आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडरही नाही. हे शेवटचं मला अजून टोचतं. एप्रिलच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि मी सवयीने कॅमेरा डोळ्याजवळ नेतो. बॅटरी एका चार्जवर दोनशेच्या आसपास फोटो देते, म्हणून दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्यावी. ज्यांना डोळा लावल्याशिवाय फोटो सुचतच नाही त्यांनी फुजीफिल्मची एक्स १०० मालिका बघावी. वर शटरस्पीडची चकती, लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग, डोळ्याला खरी काच. पण तो खिशात नाही, खांद्यावर राहतो. दोन्हींच्या मधला एक इंची वर्ग आहे, थोडा झूम आणि बरा उजेड. प्रवासाला एकच कॅमेरा न्यायचा असेल तर मी तोच सुचवेन. माझं मन मात्र त्यात रमलं नाही.

कुठलाही घेतलात तरी एक सवय मोडावी लागते. निगेटिव्हला आपण एक स्टॉप जास्तच द्यायचो, सावलीतलं नीट उतरायचं आणि बाकी लॅबवाला प्रिंट करताना सांभाळून घ्यायचा. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की परत येत नाही. स्वागतयात्रेतल्या पांढऱ्या सदऱ्यांची नुसती कोरी कागदं होतात. मी उन्हात एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवतो. स्लाइड फिल्म वापरलेल्यांना हे शिकवायला नको, तिथेही जळलेलं पांढरं परत यायचं नाही.

आणि दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. काउंटरवरच्या झगमगाटात नाही, आतल्या कपाटाकडे तोंड करून आयएसओ १६०० ला एक फोटो काढा, शक्यतो माणसाचा, आणि घरी जाऊन मोठा करून बघा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात शिरा. फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांना तोटा नाही, आणि ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकल आहेच.