गव्हर्नर आयरला खरंच शिक्षा झाली होती का?

"इंग्रज कसेही असोत, कायद्याचे पक्के, जमैकात स्वतःच्याच गव्हर्नरला चौकशी लावून शिक्षा केली" हे वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळतंच. अर्धं खरं आहे, पण शिक्षा? ती कधीच झाली नाही.

ऑक्टोबर १८६५ मध्ये जमैकातल्या मोरंट बे इथे काळ्या शेतकऱ्यांचा उठाव झाला, गव्हर्नर एडवर्ड जॉन आयरने मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला आणि मग सैन्याने जे केलं ते भयंकर होतं, ४३९ माणसं मारली, ६०० जणांना फटके, हजारभर घरं जाळली. जॉर्ज विल्यम गॉर्डन हा जमैकाच्या असेंब्लीतला (विधिमंडळातला) आयरचा कट्टर विरोधक, तो तर किंग्स्टनमध्ये होता जिथे मार्शल लॉ नव्हताच, त्याला मुद्दाम मोरंट बेला नेलं आणि फाशी दिली! (याला कायद्याचं राज्य म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.)

लंडनमध्ये बोंबाबोंब झाल्यावर आयरला सस्पेंड करून त्याच्या जागी, चौकशीसाठी, सर हेन्री स्टॉर्क्सला पाठवलं. चौकशी आयोगाने १८६६ च्या रिपोर्टात आधी आयरच्या तत्परतेचं कौतुक केलं, मग शिक्षा अतिरेकी होत्या असं म्हटलं. नोकरी गेली, बस्स. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल वगैरे मंडळींनी आयरवर खटले भरण्यासाठी जिवाचं रान केलं पण एकही टिकला नाही, उलट कार्लाइल, डिकन्स यांच्यासारखे नामवंत लेखक आयरच्या बाजूने. पुढे १८७२ ला सरकारनेच त्याचा कोर्टाचा खर्च भरला आणि १८७४ ला गव्हर्नरची पेन्शनपण दिली.