घरची नोंद 'पुरावा' कधी झाली? थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाच्या (वय चार-पाच) मुलांच्या पालकांना घरचा एखादा फोटो आणि दोन ओळी ॲपवरून शाळेला पाठवणं आता नेहमीचं झालंय. पण हे सगळं ॲपमुळे सुरू झालं असं जे बोललं जातं ते काही बरोबर नाही, ॲप फार उशिरा आलं. १९६७ च्या प्राथमिक शिक्षणावरच्या सरकारी अहवालात पालकांना शाळेत येऊ द्या, त्यांच्याशी बोला असं म्हटलं होतं, पण रोख मुख्यतः शाळेने पालकांना सांगण्यावर होता. घरून शाळेकडे माहिती यावी, ही उलटी दिशा रुळायला बराच वेळ गेला.

१९९७ मध्ये तिथे एक मोठा अभ्यास सुरू झाला, साधारण ३,००० मुलांचा, तीन वर्षांच्या वयापासून. आईवडिलांचं शिक्षण किंवा नोकरी काय आहे यापेक्षा ते मुलाबरोबर घरी काय करतात, म्हणजे वाचून दाखवणं, गाणी, आकड्यांशी खेळणं, याला जास्त महत्त्व आहे असं त्यातून पुढे आलं. माझ्या मते खरं वळण हेच. घरी जे चालतं ते शिकणंच आहे म्हटल्यावर ते शाळेला कळायला नको का?

२००८ मध्ये ईवायएफएस, म्हणजे जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिकण्याचा आणि सांभाळाचा सरकारी आराखडा, लागू झाला तेव्हा सगळं कागदावर होतं. मुलाच्या शिकण्याच्या नोंदींच्या जाडजूड 'लर्निंग जर्नी' फायली, चिकटवलेले फोटो, आणि मुलाने काही खास केलं की घरून भरून आणायच्या 'वॉव मोमेंट'च्या चिठ्ठ्या. २०१२ च्या सुधारित आराखड्यात मुलांनी गाठायची शिकण्याची ध्येयं ६९ वरून १७ वर आली आणि पालक ज्या नोंदी शेअर करतील त्यांनाही शिक्षकांनी प्रतिसाद द्यावा असं आलं.

इथेच शब्दांचा गुंता आहे आणि तो नीट बघायला हवा, कारण पालकांची निम्मी चिडचिड त्यातूनच आलीये. आराखड्यात शब्द होता 'शेअर', आणि पाच वर्षांच्या वयाला मुलाच्या प्रगतीच्या मूल्यमापनाची जी प्रोफाइल शिक्षक भरतात तिच्यासाठी पालकांशी 'चर्चा'. प्रोफाइलच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मात्र 'पुरावा' हा शब्द होता. त्याचा अर्थसुद्धा ऐसपैस होता, शिक्षिकेला त्या मुलाबद्दल जे माहीत आहे तेही त्यात धरलेलं, सगळं लिहून ठेवायची सक्ती नव्हती. पण मॉडरेशनला, म्हणजे शिक्षकांनी केलेलं मूल्यमापन बाहेरून तपासायला, कोणी आलं की टेबलावर काहीतरी दाखवायला हवं या धाकापायी पुरावा म्हणजे कागद, फोटो, तारीख असाच अर्थ घट्ट बसला आणि मग घरच्या नोंदीही त्याच मापाने मोजल्या जायला लागल्या. मुलाने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या हे आईने दारात उभ्या उभ्या सांगितलं तर ती गप्पा, आणि तेच तिने फोटोसकट पाठवलं तर तो पुरावा! हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्या पालकाला इंग्रजी लिहायला अवघड जातं किंवा जो रात्रपाळी करून येतो त्याचं मूल घरी कमी शिकतं असं थोडंच आहे, पण फाईल बघितली तर तसंच वाटायचं.

मग टॅबलेट आले, ऑनलाइन जर्नल आली, चिठ्ठीची जागा नोटिफिकेशनने घेतली. २०१८ च्या डेटा कायद्यानंतर संमतीचे फॉर्म वाढले, ग्रुप फोटोत दुसऱ्याचं मूल दिसलं तर काय यावर चर्चा झाल्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळं एकदम उलटं झालं. बहुतेक मुलांचं शिकणं घरातच, म्हणजे शाळेला दिसत होतं ते फक्त पालक पाठवतील तेवढंच. काही घरांतून दिवसाला पाच व्हिडिओ येत होते, काहींकडून महिनाभर काहीच नाही, आणि त्या गप्प घरांत काय चाललंय हे स्क्रीनवरून कळायला मार्ग नव्हता.

सप्टेंबर २०२१ पासूनच्या आराखड्यात शेवटी स्पष्ट लिहिलं गेलं की मुलाची प्रगती सिद्ध करायला पुराव्यांचा ढीग जमवायची गरज नाही, आणि प्रोफाइलचं सक्तीचं बाहेरचं मॉडरेशनही गेलं. पालकांनी शेअर करणं मात्र राहिलंय. काही शाळांनी तेव्हापासून फायली आटोपत्या घेतल्या, काही ठिकाणी आठवड्याला एक तरी पोस्ट टाका असा मेसेज अजूनही येतो.