गिंको कुल (गिंकोएसी)

प्रकटबीज (बी फळात झाकलेले नसून उघडे असणाऱ्या) वनस्पतींचे एक कुल. या कुलात, त्याहून मोठ्या गटांत म्हणजे त्याच्या गणात आणि वर्गातही आज एकच जाती हयात आहे : गिंको बायलोबा. तिचे जवळचे सगळे नातलग खडकांत जीवाश्मरूपाने सापडतात.

हा पानझडी वृक्ष बहुधा २० ते ३५ मी. उंच वाढतो. पान पंख्यासारखे, पुष्कळदा मधोमध दुभंगलेले असून हंसराज नेच्याच्या पर्णिकेची आठवण करून देते. त्याला मधली शीर नसते. देठातून आलेल्या शिरा दोन-दोन फाटे फोडत कडेपर्यंत जातात. पानगळीआधी सारा वृक्ष सोनपिवळा होतो.

नर व मादी वृक्ष वेगवेगळे असतात. वसंतात वाऱ्याने आलेले पराग बीजकात (ज्याचे पुढे बी होते त्या भागात) पोचतात, पण फलन होते ते काही महिन्यांनी, शरदाच्या सुमारास. १८९६ मध्ये टोकियोत वनस्पतींचे अभ्यासक हिरासे साकुगोरो यांना गिंकोचे रेतुक (नर जननपेशी) केसलांच्या (केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या) साहाय्याने पोहताना दिसले. पाण्यात पोहणारे रेतुक हे शेवाळी व नेचे यांचे लक्षण; ते उंच बीजधारी वृक्षात आढळावे, हा वनस्पतिशास्त्रातील फार मोलाचा शोध होय. सायकस या दुसऱ्या प्रकटबीज वनस्पतीतही असेच रेतुक त्याच वर्षी आढळले. हिरासे यांनी अभ्यासलेला वृक्ष टोकियोतील कोइशिकावा उद्यानात आजही उभा आहे.

गिंको गणाचे जीवाश्म पर्मियन काळापर्यंत, म्हणजे २५ कोटी वर्षांहून मागे जातात. त्यानंतरच्या ज्युरासिक व क्रिटेशस काळांत (सु. २० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) ही झाडे दोन्ही गोलार्धांत पसरली होती. झारखंडातील राजमहाल टेकड्यांतही त्यांच्या पानांचे ठसे मिळाले आहेत. गिंकोला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात, पण झाड मुळीच बदलले नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये. चीनमधील यिमा येथील सु. १७ कोटी वर्षांपूर्वीच्या जातीत प्रत्येक बीजक स्वतंत्र देठावर होते. लिआओनिंगमधील सु. १२ कोटी वर्षांपूर्वीच्या जातीत ते देठ नाहीसे झालेले दिसतात. आजच्या गिंकोत एका दांड्यावर बहुधा दोनच बीजके येतात व त्यांतले एकच पिकते. पानाच्या तुलनेत बदल झाला तो जननेंद्रियात.

पुढे हवामान थंड होत गेले, सपुष्प (फुले येणारे) वृक्ष वाढले आणि गिंको उत्तर अमेरिका व यूरोप येथून नाहीसा झाला. तो तगला चीनच्या डोंगराळ भागात. तेथे व जपानमध्ये देवळांच्या आवारात तो शतकानुशतके लावला गेला. चिनी नावाचा अर्थ ‘चांदीचे जर्दाळू’. बीजाचा मांसल थर खवट लोण्यासारखा उग्र वास देतो, म्हणून शहरांत नर झाडे पसंत करतात. आतला गर मात्र भाजून खातात, तोही बेताने, कारण त्यात विषारी द्रव्य असते. जर्मन वैद्य व प्रवासी एंगेलबर्ट केंफर यांनी १७१२ मध्ये यूरोपला या वृक्षाची ओळख करून दिली, तर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७७१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज जगभरच्या रस्त्यांवर तो दिसतो, पण चीनमधील रानटी झाडे मोजकीच असल्याने जातीची नोंद संकटग्रस्तांत होते.