कासव पडद्यावर गेलं आणि परत जमिनीवर उतरलं

पहिली-दुसरीच्या मुलांना रोबोटिक्स म्हटलं की हे अलीकडचं फॅड आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रोबो चालवता यावा म्हणून खास यंत्रणा तयार झाली ती १९७४ ते १९७६ या काळात. म्हणजे घरोघरी संगणक यायच्या आधी. पुढे हा विषय जवळजवळ दहा-पंधरा वर्षं संगणकाच्या पडद्यात अडकून पडला आणि तिथून सावकाश बाहेर आला. आज वर्गात दिसणारी बाणांच्या बटणांची छोटी यंत्रं आणि आज्ञा लिहिलेले लाकडी ठोकळे समजून घ्यायचे तर हा फेरा माहीत असलेला बरा.

सुरुवात लोगो या संगणकभाषेपासून होते, आणि गंमत म्हणजे तिची ओळख बनलेलं कासव, म्हणजे हुकमानं चालत रेघा काढणारं यंत्र, लोगोत आधी नव्हतंच. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन, सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा मुलांसाठी तयार केली. तेव्हा मुलं तिच्यात शब्दांशी खेळायची: अक्षरांची उलटापालट, आपोआप तयार होणारी वाक्यं, गणिती कोडी. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनिव्हात काही वर्षं त्यांनी मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम केलं होतं. मूल ज्ञान बाहेरून भरून घेत नाही, स्वतः उभारतं, हा पियाजेंचा विचार त्यांनी तिथून आणला आणि त्याला स्वतःची जोड दिली. हातानं काही तयार करताना, चारचौघांना दाखवता येईल असं काही बनवताना ही उभारणी सर्वांत चांगली होते, असं त्यांचं म्हणणं.

कासव आलं ते १९७०च्या आसपास, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. नाव मात्र त्याआधीचं. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञानं १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रं बनवली होती. उजेडाकडे सरकणारी, अडथळ्याला धडकली की वळणारी ही यंत्रं कासवं म्हणूनच ओळखली जायची. एमआयटीचं कासव त्यांच्यासारखं स्वयंभू नव्हतं, ते हुकमाचं ताबेदार होतं: इतकं पुढे जा, इतके अंश वळ, पेन टेकव, पेन उचल. संगणकाला वायरीनं जोडलेलं हे यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावर रेघ ओढत फिरायचं.

एवढ्यानं काय साधतं, ते त्रिकोण काढायला सांगितल्यावर कळतं. चौरस मुलांना पटकन जमतो: पुढे १००, उजवीकडे ९०, असं चार वेळा. मग तीन समान बाजूंचा त्रिकोण. कोन ६० अंशांचा असतो हे ऐकलेलं असतं, म्हणून मूल ६० सांगतं, आणि कासव अर्धा षटकोन काढून मोकळं होतं. वहीत असं झालं असतं तर लाल फुली आली असती. इथे मूल स्वतः उठतं आणि कासवासारखं चालून बघतं. कोपऱ्यावर आल्यावर त्याच्या लक्षात येतं, की सरळ जाणं म्हणजे शून्य, तिथून मोजत गेलं तर वळावं लागतं १२०. भूमितीतला बाह्यकोन पायांना समजतो. आपलं शरीर कासवाच्या जागी ठेवून विचार करणं, यावर पॅपर्ट यांचा सगळा भर होता. त्यासाठी कासव मुलाच्याच जमिनीवर असणं सोयीचं होतं.

अडचण टंकलेखनाची होती. चार वर्षांच्या मुलाला आज्ञा टाइप करता येत नाहीत. एमआयटीतच शिकत असलेल्या रेडिया पर्लमन यांनी त्यावर टॉर्टिस ही यंत्रणा बनवली. आधी नुसती बटणांची पेटी, मग आज्ञा लक्षात ठेवणारी पेटी, आणि शेवटी खाचांची एक मांडणी. चित्रांची प्लास्टिक कार्डं त्या खाचांत ओळीनं खोचायची, बटण दाबलं की कासव तो क्रम पार पाडणार. ओळींना रंग दिलेले होते. एका ओळीतलं कार्ड दुसऱ्या रंगाच्या ओळीला कामाला लावू शकायचं, म्हणजे बालवाडीतल्या मुलांच्या हातात चक्क उपकार्यक्रम होते. पुढे त्यांनी हे काम सोडलं. आजूबाजूला आपण एकट्याच स्त्री, त्यात काम गोडगोड लहान मुलांचं, मग आपल्याला शास्त्रज्ञ म्हणून कोण गांभीर्यानं घेणार, असं वाटल्याचं त्यांनी नंतर सांगितलं आहे. पर्लमन यांचं नाव आज संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात मोठं आहे. पण त्या संकोचाची किंमत लहान मुलांच्या शिक्षणानं मोजली, असं मला वाटतं. ही कल्पना पुन्हा व्यवस्थित वर्गात यायला जवळपास चार दशकं गेली.

दरम्यान स्वस्त घरगुती संगणक आले. जमिनीवरचं कासव महाग होतं, घसरायचं, दुरुस्तीला यायचं. पडद्यावरचं कासव म्हणजे नुसता त्रिकोणी ठिपका, तो फुकट होता आणि कधी अडकत नव्हता. १९८०च्या दशकात हजारो शाळांत लोगो पोहोचलं ते याच रूपात. भूमितीचं काम झालं, पण उठून चालून बघायची गरज उरली नाही. भोवरा पाहावा तशी मुलं फिरती नक्षी पाहत बसायची.

अपेक्षा मात्र आभाळाला भिडल्या होत्या. लोगो शिकलं की मूल एकूणच नीट विचार करू लागतं, असा गाजावाजा झाला. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी ते तपासलं. वर्गातली कामं, म्हणजे फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं वगैरे, कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकायची याची आखणी त्यांनी मुलांना करायला लावली. लोगो शिकलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. १९८४ च्या सुमारास आलेल्या या निष्कर्षांनी बराच उत्साह ओसरला. साधन एकटं काही करत नाही, वर्गात त्याचं काय होतं ते बघा, असं पॅपर्ट यांचं उत्तर. ते बरोबर होतं, पण सोयीचंही होतं, कारण गाजावाजा चालू असताना एवढी सावधगिरी कुणी दाखवली नव्हती.

वस्तू परत हातात येऊ लागल्या त्या ठोकळ्यांच्या निमित्तानं. एमआयटी आणि लेगो यांच्या सहकार्यातून १९८८ मध्ये मोटारी, सेन्सर आणि लोगो जोडणारा संच निघाला. १९९८ मध्ये आला माइंडस्टॉर्म्स, ज्याला पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकाचं नाव दिलं होतं. त्यात संगणकाची वायर तुटली आणि मेंदू ठोकळ्यातच आला. पण तो थोड्या मोठ्या मुलांचा होता, आणि हौशी प्रौढांनी त्याच्यावर जवळजवळ कब्जाच केला.

खऱ्या अर्थानं लहानांकडे लक्ष दिलं ते इंग्लंडनं. तिथे १९९० पासून ५ ते १६ वयाच्या सगळ्यांना आखणी आणि तंत्रज्ञान हा विषय सक्तीचा झाला. १९९८ च्या सरकारी पाठयोजनांमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी जमिनीवरचं कासव चालवण्याचा स्वतंत्र घटक होता. त्याच वातावरणात रोमर आणि नंतर बी-बॉट ही यंत्रं रुजली. मधमाशीच्या आकाराच्या बी-बॉटच्या पाठीवर मोजकी बटणं असतात. एक पाऊल १५ सेंटीमीटरचं, वळण ९० अंशांचं, पडदा नाही. नवशिका वर्ग हमखास एका ठिकाणी अडतो: जुन्या आज्ञा पुसायचं बटण दाबायचं राहून जातं, आणि मधमाशी आधीची सगळी वाट चालून मग नवी सुरू करते. मुलं म्हणतात, बिघडली. ती बिघडलेली नाही, तिला आधीचं आठवतंय, हे उमगायला एक-दोन तास जातात, पण संगणकाची स्मृती म्हणजे काय हे इतक्या स्वस्तात दुसरं काहीच शिकवत नाही. दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. माशीचं तोंड मुलाकडे असलं की तिचं उजवं ते त्याचं डावं, आणि मग मूल उठून तिच्या मागे जाऊन बसतं. पॅपर्ट यांना हेच हवं होतं.

अभियांत्रिकीचा प्रवाह वेगळ्या वाटेनं आला. बालवाडीचे जनक फ्रोबेल यांचे ठोकळे, १८६६ मध्ये फिनलंडनं शाळांत सक्तीचं केलेलं हस्तकाम, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेला, पुढे मेकॅनो म्हणून गाजलेला पट्ट्या-स्क्रूंचा संच, ही त्याची पूर्वपीठिका. पण यात नमुना बघून तसंच बनवण्यावर बराच भर असायचा. प्रश्न सोडवण्यासाठी स्वतः आखणी करायची, हा भाग उशिरा आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २००१ मध्ये शालेय आराखड्यात अगदी खालच्या इयत्तांपासून अभियांत्रिकी घातली, आणि २००३ मध्ये बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयानं प्राथमिक शाळांसाठी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा असं त्याचं चक्र. शाळेच्या वेळापत्रकात कुऱ्हाड बहुतेक शेवटच्या पायरीवर पडते. पूल कोसळतो, घंटा होते, सगळं आवरून ठेवलं जातं. मग उरतं ते जुनंच हस्तकाम.

दोन्ही प्रवाह एकत्र आणले ते पॅपर्ट यांच्याच विद्यार्थिनी मरीना उमास्की बर्स यांनी. त्यांच्या संशोधनातून आलेला किबो हा चार ते सात वयासाठीचा संच २०१४ मध्ये बाजारात आला. लाकडी ठोकळ्यांवर बारकोड असतात. मूल ते ओळीनं जोडतं, रोबोच्या तोंडाशी धरून वाचून घेतं, आणि रोबोची सजावट-बांधणीही स्वतःच करतं. पर्लमन यांची कार्डं आणि हे ठोकळे शेजारी ठेवले तर नातं लपत नाही. त्याच वर्षी इंग्लंडनं पाच वर्षांपासूनच्या मुलांच्या अभ्यासक्रमात आज्ञांचा क्रम लावणं आणि त्यातल्या चुका शोधणं आणलं.

या वयात क्रम लावणं बहुतेकांना जमतं. 'अमुक झालं तर तमुक कर' ही अट मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलांना जड जाते, आणि बाजारातले संच नेमकी अशा अटींवर चालणाऱ्या सेन्सरांचीच जाहिरात करतात. दुसरा प्रश्न संचांच्या आयुष्याचा. माइंडस्टॉर्म्सची विक्री २०२२ अखेर थांबली. असे संच ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याला कंपनीचा आधार असेल तोवरच वर्गातला अभ्यासक्रम टिकतो. बटणांच्या यंत्राला असा कुठलाच आधार लागत नाही, म्हणून खालच्या इयत्तांसाठी खरेदी करताना शाळेनं आधी त्याचाच विचार करावा.