सानुकूल रकाना (कस्टम फील्ड)

ग्राहकसंबंध व्यवस्थापनाच्या, म्हणजे सीआरएम, सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसलेला आणि वापरणाऱ्याने आपल्या कामाच्या गरजेनुसार वाढवलेला माहितीचा रकाना. ‘सानुकूल क्षेत्र’ असाही पर्याय सुचवला जातो. पण ‘क्षेत्र’ म्हटले की जमीनच डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे खातेवहीतला ‘रकाना’ हा शब्द घेतला आहे. बोलण्यात ‘कस्टम फील्ड’च चालते.

उगमाबद्दल एकमत नाही. ‘सीआरएम’ ही संज्ञा साधारणपणे १९९० च्या दशकाच्या मध्यास रुळली. ती प्रथम कोणी वापरली हा वाद मिटलेला नाही. रकान्याची कल्पना मात्र संज्ञेहून जुनी धरावी लागते. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या ‘अ‍ॅक्ट’ या संपर्कनोंदीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘यूझर १’, ‘यूझर २’ असे राखीव रकाने असत. काही अभ्यासक तेथूनच आरंभ मानतात. परंतु राखीव रकान्यांची संख्या आधीच ठरलेली असते. नवा रकाना उघडणे, त्याला नाव देणे आणि त्यात मजकूर, तारीख, संख्या की ठरावीक पर्याय येणार हे ठरवणे, या तिन्ही गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती आल्यावरच तो सानुकूल झाला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

साठवणुकीच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत माहिती साठवणाऱ्या तक्त्याला खराखुरा स्तंभ जोडतात. ‘शुगरसीआरएम’ या सॉफ्टवेअरमध्ये असे स्तंभ मूळ तक्त्यात न घालता ‘_सीएसटीएम’ असा प्रत्यय लावलेल्या जोडतक्त्यात जातात आणि मूळ तक्ता अबाधित राहतो. दुसरीत प्रत्येक मूल्याची स्वतंत्र ओळ होते : कोणाची नोंद, कोणता गुणधर्म, काय मूल्य. वैद्यकीय नोंदींच्या संगणकीकरणात ही रचना आधीपासून वापरात होती. तिचे मूळ लिस्प या संगणकभाषेतील गुणधर्म-याद्यांपर्यंतही नेले जाते. ती लवचिक असली, तरी एका ग्राहकाची पूर्ण माहिती जुळवताना अनेक ओळी एकत्र आणाव्या लागतात. तिसरीत कोणत्याही अर्थाला वापरता येतील असे सर्वसाधारण स्तंभ आधीच राखून, कोणत्या संस्थेच्या लेखी कोणत्या स्तंभाचा अर्थ काय, याची वेगळी नोंद ठेवतात. एकाच यंत्रणेवर हजारो संस्था सांभाळणाऱ्या ‘सेल्सफोर्स’ने (स्थापना १९९९) हा मार्ग धरला.

नागपूरची उदाहरणे बोलकी आहेत. सॉफ्टवेअरमधील पत्त्याच्या तयार रकान्यांत रस्ता, शहर, राज्य, पिनकोड एवढेच असते. येथील पत्ता मात्र प्लॉट नंबर आणि ले-आउटवर चालतो. प्लॉटच्या व्यवहारात ‘आर.एल. (नागपूर सुधार प्रन्यासचे प्लॉटसंबंधीचे पत्र) आहे का?’ हा पहिला प्रश्न. त्यासाठी हो-नाहीचा एक आणि तारखेचा एक, असे दोन रकाने लागतात. कळमन्याच्या संत्रा-व्यापाऱ्याला ‘बहार’, म्हणजे फळाचा हंगाम, हवा. त्यात अंबिया आणि मृग हे दोनच पर्याय ठेवले की काम भागते. वस्तीचे नाव हाताने लिहू दिले, तर सीताबर्डी, सिताबर्डी आणि नुसते बर्डी अशा एकाच जागेच्या तीन जागा होतात, आणि बर्डीतले ग्राहक काढायला गेल्यावर यादी अपुरी निघते. येथे निवडयादीच योग्य.

देवनागरीसाठी लांबीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो सहसा राहून जातो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. ‘संत्री’ या शब्दात ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. मर्यादा चिन्हांत मोजली असेल तर अडचण नाही. बाइटमध्ये असेल तर २५५ च्या रकान्यात जेमतेम ८५ चिन्हे मावतात आणि पत्ता मध्येच तुटतो. दर्शनी नाव मराठीत ठेवता येते, पण सेल्सफोर्ससारख्या यंत्रणांत अंतर्गत नाव रोमन लिपीतच द्यावे लागते.

रकाना वाढवण्याची कृती सोपी असून ती व्यवस्थापक-खात्याच्या सेटिंगमधून होते. प्रकार मागाहून बदलणे मात्र जोखमीचे : मजकुराचा रकाना तारखेचा केला, तर ‘दिवाळीनंतर’ असे लिहिलेल्या नोंदी टिकत नाहीत. सेल्सफोर्समध्ये पुसलेला रकाना १५ दिवस परत आणता येतो. त्यानंतर तो आतील माहितीसह कायमचा जातो.